टेबलाभोवती सांगितलेला डॅनी रोझ

न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर, पंचावन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कार्नेगी डेली नावाचं एक ज्यू धाटणीचं खाण्याचं ठिकाण होतं. 1937 साली सुरू झालं आणि 2016 च्या 31 डिसेंबरला कायमचं बंद झालं. पावाच्या दोन कापांमध्ये पास्त्रामीची उंच चळत रचून देण्यासाठी ते प्रसिद्ध होतं. रात्रीचे शो आटपले की शहरातले विनोदवीर तिथे जमायचे आणि बराच वेळ गप्पा छाटत बसायचे. वूडी ॲलन यांचा ‘ब्रॉडवे डॅनी रोझ’ (1984) तिथेच, अशाच एका टेबलापाशी सुरू होतो. काही प्रौढ, सरावलेली माणसं धंद्याबद्दल बोलत बसली आहेत. कुठल्या गावचा प्रेक्षक मख्ख असतो, एका कार्यक्रमासाठी किती तास गाडी हाकावी लागते, कुठला विनोद हमखास चालतो, असं सगळं. ही माणसं नट म्हणून आणलेली नाहीत. सँडी बॅरन, कॉर्बेट मोनिका, जॅकी गेल, मॉर्टी गंटी, विल जॉर्डन, हॉवर्ड स्टॉर्म हे खरोखरचे विनोदवीर आहेत, त्या धंद्यात केस पिकलेले. बोलता बोलता कोणीतरी डॅनी रोझचं नाव काढतं आणि सगळ्यांचे चेहरे खुलतात. प्रत्येकाकडे डॅनीचा एकेक किस्सा आहे. शेवटी बॅरन म्हणतो, माझ्याकडे सगळ्यात भारी आहे, पण लांबलचक आहे. खुर्च्या पुढे सरकतात.

84 मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट म्हणजे त्या टेबलावर सांगितलेली ती एक गोष्ट. ॲलन यांच्या चित्रपटांची यादी करायला बसलं की लोक ‘ॲनी हॉल’ आणि ‘मॅनहॅटन’वर थांबतात. ‘डॅनी रोझ’ला दिग्दर्शन आणि मूळ पटकथा यांसाठी ऑस्करची नामांकनं मिळाली, ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार पटकथेला मिळाला, तरी त्याचा उल्लेख एक छोटी गंमत म्हणूनच होत राहिला. मला तो ॲलन यांच्या सगळ्या कामातला सर्वांत प्रेमळ आणि बांधणीच्या दृष्टीने सर्वांत घट्ट चित्रपट वाटतो. त्यातला प्रत्येक विनोद दोनदा येतो. पहिल्यांदा आपण हसतो, दुसऱ्यांदा तोच विनोद गंभीर होऊन समोर उभा राहतो.

डॅनी आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो एका कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाच्या ऑफिसात. चौकड्यांचा भडक कोट, गळ्यात साखळी, दोन्ही हात सतत हवेत. उन्हाळी बंगल्यांच्या एका वसाहतीत कार्यक्रम लावायचे आहेत आणि डॅनी आपली माणसं एकामागून एक पुढे करतो आहे. एका पायावर टॅप डान्स करणारा, एका हाताने चेंडू झेलणारा, झायलोफोन वाजवणारा आंधळा कलाकार. समोरचा प्रत्येकाला नाही म्हणतो. डॅनी खचत नाही, फक्त पुढच्या नावाकडे वळतो. काचेचे ग्लास वाजवणाऱ्या बाईंवर येतो तेव्हा म्हणतो की त्यांना मी जुन्याच भावात देतो, आणि जुना भाव म्हणजे तुम्हाला द्यावंसं वाटेल ते, काहीही. घासाघीस करताना समोरच्याने किंमत पाडायची असते. इथे विकणाराच ती शून्यावर आणून ठेवतो, आणि तरी त्याची डाळ शिजत नाही.

या दृश्यावर सगळेच हसतात. पण त्यात डॅनीचं बोलणं नीट ऐकावं. तो आपल्या कलाकाराच्या व्यंगावर रेंगाळत नाही. तो सांगतो की हा माणूस किती गुणी आहे, स्वभावाने किती छान आहे. पाण्याने भरलेल्या ग्लासांच्या कडांवर ओली बोटं फिरवून सूर काढणाऱ्या त्याच बाईंबद्दल तो म्हणतो की व्हायोलिनमध्ये जसे हायफेट्झ, तशा या वाद्यात या, आणि कोणाकडे एक दिवस शिकायला गेल्या नाहीत. त्या बाई म्हणजे ग्लोरिया पार्कर, आणि त्या खरंच त्या वाद्यातल्या नाणावलेल्या वादक होत्या. त्या वाजवायला लागतात तेव्हा लक्षात येतं की डॅनीची स्तुती बढाईच्या सुरात असली तरी पोकळ नाही. आपल्याला जे खूळ वाटतं त्यात त्याला कला दिसते. फुगे वळवून आकार करणारं जोडपं, बोलताना अडखळणारा शब्दभ्रमकार बार्नी डन, ही त्याच्या दृष्टीने दुसऱ्या दर्जाची माणसं नाहीत. जगाला अजून त्यांचा पत्ता लागलेला नाही, एवढंच.

ते जग कुठलं, हे जरा सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅट्स्किलच्या डोंगरात ज्यू कुटुंबांसाठी उन्हाळी हॉटेलांची एक साखळीच उभी राहिली होती. ‘बोर्श्ट बेल्ट’ म्हणत तिला. ग्रॉसिंगर्स, कॉन्कॉर्ड ही त्यातली मोठी नावं, आणि त्यांच्या आजूबाजूला पुष्कळ लहान बंगले आणि वसाहती. दिवसभर पोहणं, खाणं आणि रात्री करमणूक. गायक, नकलाकार, जादूगार, संमोहन करणारे, सगळ्यांना तिथे काम मिळायचं. अमेरिकेतल्या विनोदी कलाकारांच्या काही पिढ्या तिथे घडल्या. मग घरोघरी टीव्ही आला, एअर कंडिशनर आले, विमानाचा प्रवास स्वस्त झाला आणि लोकांनी डोंगरात जायचं सोडलं. ग्रॉसिंगर्स 1986 मध्ये बंद पडलं. चित्रपट आला तेव्हा ही दुनिया शेवटच्या घटका मोजत होती. डॅनीचा धंदा बसलेला आहे त्याला त्याचा स्वभाव जेवढा कारण आहे, तेवढाच हा बदलही कारण आहे. मोठ्या शहरात ज्यांना जागा नाही अशा कलाकारांना पोसणारी ती शेवटची बाजारपेठ होती.

डॅनी स्वतः फसलेला विनोदवीर. मंचावर जमलं नाही म्हणून मॅनेजर झाला. आपल्या माणसांचे कपडे तोच निवडतो, गाण्यांचा क्रम तोच लावतो, प्रयोगाआधी आरशासमोर उभं राहून धीराचे शब्द म्हणायला लावतो. एकदा त्याच्या एका संमोहनकाराने मंचावर बोलावलेली म्हातारी जागीच होईना. डॅनी तिच्या नवऱ्याची समजूत घालतो: त्या उठतील हो, आणि समजा नाहीच उठल्या, तर तुमच्या आवडीच्या हॉटेलात जेवण माझ्याकडून. आपला माणूस अडचणीत आला की डॅनी आधी पुढे होतो आणि काय द्यायचं याचा विचार नंतर करतो. ॲलन यांनी हे दोन-तीन किश्श्यांत उरकून टाकलं आहे, पण पुढच्या कथेचं सगळं बी त्यात आहे. टेबलावरचे लोक अजून एक गोष्ट सांगतात, आणि सांगताना हसतही नाहीत: डॅनीचा एखादा कलाकार जरा नावारूपाला आला की त्याच्या हातावर तुरी देऊन मोठ्या मॅनेजरकडे जातो. दर वेळी.

लू कनोव्हा हा असाच एक. 1950 च्या दशकात एक गाणं गाजलेला गायक, आता पोट सुटलेला, दारूच्या आहारी गेलेला, स्वतःवर निस्सीम प्रेम करणारा. लूचं काम केलं आहे निक अपोलो फोर्टे यांनी. ते खरोखरच हॉटेलांतून आणि क्लबांतून गाणारे गायक होते आणि चित्रपटातली दोन गाणी त्यांनीच रचलेली आहेत. त्यांतलं एक पित्त आणि पोटातल्या जळजळीवर आहे. फोर्टे यांच्या अभिनयात एक अजब निरागसपणा आहे. बायको-मुलं असताना दुसऱ्या बाईच्या मागे लागलेला, डॅनीच्या जिवावर जगणारा हा माणूस आपल्याला लबाड वाटत नाही. त्याला खरंच कळत नाही की तो लोकांना वापरतो आहे. सफाईदार नट घेतला असता तर लू खलनायक झाला असता आणि चित्रपट हलका झाला असता. गाताना फोर्टे यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बघितलं की डॅनीने या माणसावर एवढा जीव का लावला, ते समजतं.

जुन्या गाण्यांची लाट येते आणि डॅनी ती ओळखतो. मिल्टन बर्ल, अमेरिकन टीव्हीचे पहिले मोठे तारे, इथे स्वतःच्याच भूमिकेत आहेत. ते लूला ऐकायला वॉल्डॉर्फ हॉटेलात येणार आहेत. जमलं तर टीव्हीवरचा खास कार्यक्रम आणि लास व्हेगास. पण लू म्हणतो, माझी प्रेयसी टीना समोर बसलेली नसेल तर माझा आवाज लागणार नाही. बायकोही तिथे असणार, म्हणून डॅनीने टीनाला आपली मैत्रीण म्हणून घेऊन यायचं. डॅनी नाही म्हणू शकत नाही. तो न्यू जर्सीला तिला आणायला जातो आणि कथा वळण घेते.

टीना व्हिटाली म्हणजे मिया फॅरो, आणि हे ओळखू येणं कठीण आहे. त्याआधीच्या त्यांच्या बहुतेक भूमिका नाजूक, हळू आवाजाच्या. इथे केसांचा मोठा डोलारा, घट्ट पँट, नाकातला चढा न्यू जर्सी उच्चार आणि डोळ्यांवर काळा चष्मा. हा चष्मा जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर उतरत नाही. डोळे झाकून अभिनय करणं म्हणजे नटीचं निम्मं भांडवल काढून घेणं. फॅरो यांनी ते काम ओठांवर, हनुवटीवर आणि आवाजावर नेलं आहे. डॅनी काहीतरी भाबडं बोलला की तिच्या तोंडाची एक बाजू किंचित वाकते, बस. एकाच ठिकाणी, बाथरूमच्या आरशासमोर, ती चष्मा काढते आणि डोळे दिसतात. एवढा वेळ दडवलेला चेहरा एकाएकी उघडा पडतो आणि आपण ज्या बाईला निबर समजत होतो तिच्यात किती थकवा आहे ते दिसतं. 1992 मध्ये फॅरो आणि ॲलन यांचं नातं तुटलं, गंभीर आरोप झाले, ॲलन यांनी ते नाकारले. आज चित्रपट बघताना ते मनात येतंच आणि ज्यांना तो त्यामुळे बघवत नाही त्यांचं म्हणणं मी मान्य करतो. पण फॅरो यांचं हे काम त्यांचं स्वतःचं आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

छायाचित्रण गॉर्डन विलिस यांचं. ‘गॉडफादर’चा प्रसिद्ध अंधार ज्यांनी उभा केला तेच विलिस. ॲलन यांच्या डोक्यात हा योग होता की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू, पण न्यू जर्सीतल्या बागेतल्या मेजवानीचं दृश्य बघताना तो टाळता येत नाही. उन्हात मांडलेली टेबलं, इटालियन कुटुंबं, नमस्कार-चमत्कार, मोठ्या माणसांचा दरारा. ‘गॉडफादर’मधल्या लग्नात आपण आतल्या माणसाच्या नजरेने बघतो. इथे त्याच घोळक्यात चौकड्यांचा कोट घातलेला एक ज्यू मॅनेजर शिरतो आणि दिसेल त्याची वाखाणणी करत सुटतो. त्याला कळत नाही की आपण कोणाच्या घरी आलो आहोत. टीनावर प्रेम करणारा आणि तिच्यासाठी कविता लिहिणारा जॉनी रिस्पोली तिथे आहे. टीनाला पांढरी गुलाबाची फुलं पाठवणारा माणूस हाच, अशी त्याची डॅनीबद्दल समजूत होते. फुलं लूची, राग डॅनीवर. जॉनी आयोडीन पितो, आई सुडाची मागणी करते आणि त्याचे भाऊ डॅनीच्या मागावर निघतात. विलिस यांनी हे सगळं रंगांशिवाय आणि सपाट उजेडात टिपलं आहे. त्यामुळे ते नटवं होत नाही. दुपारचं ऊन पडलेली साधी बाग राहते, आणि म्हणूनच धोका खरा वाटतो.

पळता पळता डॅनी आणि टीना यांचं जे बोलणं होतं ते माझ्या मते चित्रपटाचं काळीज आहे. टीनाचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: आयुष्य एकदाच मिळतं, समोरच्याने आपल्याला बनवायच्या आत आपण त्याला बनवावं, आणि अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. तिच्या नवऱ्याला डोळ्यांत गोळ्या घातल्या, असं ती सांगते. डॅनी हळहळतो, म्हणजे तो आंधळा झाला का? ती म्हणते, मेला. डॅनी लगेच समजुतीच्या सुरात मान्य करतो की हो, गोळ्या आरपार जात असणार. हा विनोद फॅरो यांच्या एका शब्दावर उभा आहे. तो शब्द त्या इतक्या सपाट आवाजात टाकतात की हसू फुटायच्या आत अंगावर काटा येतो.

डॅनीचं म्हणणं उलटं. अपराधी वाटणं चांगलं असतं, त्यामुळे माणूस वाईट गोष्टी करत नाही. मला तर सतत अपराधी वाटतं आणि मी काही केलेलंही नाही. आपण सगळे देवाच्या दरबारात अपराधी आहोत, असं त्याचे रब्बी सांगायचे. टीना विचारते, देव मानतोस? नाही मानत, आणि त्याचंही अपराधी वाटतं. मग तो आपल्या सिडनीकाकांचं सांगतो. काका गेले, पण त्यांच्या तीन गोष्टी राहिल्या: समोरच्याला आहे तसं स्वीकारावं, माफ करावं, प्रेम करावं. हे वाक्य डॅनी ज्या लयीत म्हणतो ती त्याच्या ऑफिसातल्या विक्रीच्या बोलण्याचीच लय आहे. तेच हातवारे, तीच घाई. सिडनीकाकांची तत्त्वं आणि ग्लासवाल्या बाईंचा भाव तो एकाच सुरात सांगतो. त्यामुळे आपण ते गंभीरपणे घेत नाही, टीनाही घेत नाही.

याच्या पुढचा भाग, पाणथळीतल्या उंच गवतातली पळापळ, गोदाम, त्यातले मिरवणुकीचे अवाढव्य फुगे, हेलियम वायू सुटल्यामुळे सगळ्यांचे आवाज चिरके होणं, हा मला चित्रपटातला सर्वांत साधारण भाग वाटतो. गंमत आहे, पण ती पळापळीच्या इतर विनोदी चित्रपटांतही मिळेल. गोदामाच्या या प्रकरणात मात्र एक गोष्ट घडते आणि सगळी कथा तिच्यावर तोलली आहे. रिस्पोली भावांनी डॅनीला पकडलं आहे, जिवाची धमकी आहे, टीनाचा खरा प्रियकर कोण ते सांग. डॅनी लूचं नाव देत नाही. तो बार्नी डनचं नाव देतो. बार्नी एका जहाजावर कार्यक्रमाला गेला आहे, हाती लागणार नाही, अशी त्याची समजूत आहे. म्हणजे बोलून फसवायचं म्हटल्यावर या भल्या माणसाने आपल्या घरातला सर्वांत दुबळा माणूस पुढे केला, सर्वांत यशस्वी माणसाला वाचवण्यासाठी. आणि ॲलन यांनी हे अगदी घाईत, विनोदाच्या भरात घडवलं आहे. डॅनीला विचार करायला वेळ नाही, आपल्यालाही नाही. ‘काही न करता अपराधी वाटतं’ म्हणणाऱ्या माणसाने आता खरंच काहीतरी केलं आहे.

ते दोघं सुटून वॉल्डॉर्फला पोहोचतात. लू दारूने चूर झालेला. डॅनी आपलं ठेवणीतलं औषध पाजून त्याला उभा करतो. लू गातो, सभागृह डोक्यावर घेतो. लगेच, ड्रेसिंग रूममध्येच, तो डॅनीला सांगून टाकतो की मी दुसऱ्या मॅनेजरकडे चाललो आहे. मोठ्या नावाचा तो मॅनेजर टीनानेच मिळवून दिलेला. इथे ॲलन यांच्या अभिनयाकडे बघावं. त्या दिवसभरात डॅनीचं तोंड एकदाही बंद झालेलं नाही. इथे त्याची वाक्यं अर्धवट राहायला लागतात. तो चिडत नाही, हिशोब मांडत नाही. शब्द शोधतो आणि ते येत नाहीत. जो माणूस कोणाच्याही कमतरतेला चांगलं नाव देऊ शकतो त्याला लूने केलेल्या गोष्टीला चांगलं नाव सापडत नाही. टीना तिथेच आहे, काळ्या चष्म्याआड. ती तिच्या तत्त्वाप्रमाणेच वागली आहे.

डॅनी कार्नेगी डेलीत येतो आणि तिथे त्याला कळतं की बार्नी जहाजावर नव्हताच. त्याला मारलं आहे आणि तो हॉस्पिटलात आहे. इथे टेबलावरचा एक विनोदवीर गोष्ट मध्येच तोडतो. अरे, ही गमतीची गोष्ट आहे म्हणालास ना? ही तर भयंकर आहे! सांगणारा खांदे उडवतो: मी काय करू, आयुष्य माझं थोडंच आहे! हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. ही धंदेवाईक माणसं आहेत. हशा कुठे येतो, गोष्ट कुठे पडते, हे त्यांना अचूक कळतं. डॅनीची गोष्ट त्यांनी हसण्यासाठी मागितली होती, आणि त्यांच्याच तोंडून कळतं की ती आता हसण्याजोगी उरलेली नाही. तरी कोणी उठत नाही. पुढे काय झालं, एवढंच त्यांना हवं असतं.

डॅनी हॉस्पिटलात जातो. बार्नीच्या खाटेपाशी उभा राहतो आणि बिल आपण भरू असं सांगतो. त्याच्याकडे पैसे कुठून येणार, हे चित्रपट विचारत नाही. जुना भाव असाच असतो. इकडे लू मोठा होतो, बायकोला सोडतो, टीनाबरोबर राहू लागतो. आणि टीनाला झोप लागत नाही. अपराधीपणाच्या ज्या भावनेला ती खुळी म्हणत होती, ती तिला लागली आहे. डॅनीचं बोलणं तिच्यात रुजलं, पण तिने ते पटवून घेतलं म्हणून नाही. त्याच्याशी जसं वागली त्यामुळे. लू आणि ती वेगळे होतात.

मग थँक्सगिव्हिंगचा दिवस. अमेरिकेत या दिवशी घरात टर्की भाजली जाते, कुटुंब जमतं. डॅनीच्या लहानशा घरात त्याचे कलाकार जमले आहेत. बार्नी आहे, फुगेवालं जोडपं आहे, बाकीची सगळी सेना आहे. टर्की दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या जेवणाच्या डब्यांतली. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक डबा. ॲलन हे दृश्य दया वाटावी अशा रीतीने घेत नाहीत. ही माणसं मजेत आहेत, डॅनी सगळ्यांना वाढतो आहे, आग्रह करतो आहे. एवढ्यात दारावर टीना येते.

ती माफी मागते. आणि डॅनीला त्याच्याच काकांची तीन वचनं म्हणून दाखवते: स्वीकार, माफी, प्रेम. त्या दिवशी पळता पळता तो जे घाईत बोलून गेला होता तेच ती आता सावकाश, अडखळत म्हणते. आतापर्यंत ते विक्रीच्या बोलण्याच्या ओघात आलेलं वाक्य होतं. तिच्या तोंडी ते पहिल्यांदा एखाद्या विनंतीसारखं ऐकू येतं. आणि डॅनीला ते झेपत नाही. तो तिला जाऊ देतो. आयुष्यभर सगळ्यांना सामावून घेणारा, सगळ्यांना माफ करणारा हा माणूस नेमका या दारात कमी पडतो, काही क्षण. मला वाटतं, हा चित्रपट फार मोठा होतो तो इथे. डॅनी कायम चांगला असता तर तो एक गोड भाबडा माणूस राहिला असता. इथे समजतं की माफ करणं त्यालाही सोपं नव्हतं, निदान या वेळी नाही, जेव्हा दुखावणारी व्यक्ती त्याला खरंच हवी होती.

मग तो धावतो. जिने उतरून, रस्त्याने, थंडीत. कार्नेगी डेलीच्या समोर तो तिला गाठतो. कॅमेरा लांब राहतो, दोघं काय बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही. 80 मिनिटं या माणसाची बडबड ऐकवल्यानंतर, त्याच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं दिग्दर्शक ऐकू देत नाही. त्यांनी ते लिहिलं असतं तर ते पुन्हा डॅनीचं बोलणंच झालं असतं, गमतीचं, लाडिक, थोडं जास्तच. ऐकू येत नाही म्हणून ते त्या दोघांचं राहतं.

जॅक रॉलिन्स यांच्याबद्दल सांगायला हवं. टेबलाभोवती बसलेल्यांमध्ये तेही आहेत, विनोदवीर नसलेले. ते ॲलन यांचे मॅनेजर. 1960 च्या सुमारास, लोकांसमोर उभं राहायला घाबरणाऱ्या एका तरुण लेखकाला त्यांनी मंचावर जायला भाग पाडलं. त्यांनी आणि चार्ल्स जॉफी यांनी त्याला सांभाळलं आणि त्यांची नावं ॲलन यांच्या चित्रपटांवर निर्माते म्हणून अनेक वर्षं येत राहिली. त्याआधी रॉलिन्स यांनी हॅरी बेलाफॉन्टे या गायकाला घडवलं होतं, आणि बेलाफॉन्टे मोठे झाल्यावर त्यांना सोडून गेले होते. रॉलिन्स पुढे रॉबिन विल्यम्स आणि बिली क्रिस्टल यांच्यापर्यंत अनेकांचे मॅनेजर झाले, 2015 मध्ये शंभराव्या वर्षी गेले. चित्रपटात डॅनीची फसगत ऐकणाऱ्यांमध्ये ते जवळजवळ न बोलता बसलेले दिसतात. ही गोष्ट ठाऊक असल्यावर त्या टेबलावरच्या हसण्याला वेगळा उबदारपणा येतो. ॲलन यांनी आपल्या मॅनेजरला आपल्या चित्रपटात जागा दिली, आणि मॅनेजरला सोडून जाणाऱ्या कलाकाराची गोष्ट त्याच्यासमोर सांगवली.

गोष्ट संपल्यावर सांगणारा शेवटची बातमी देतो. कार्नेगी डेलीने एका सँडविचला डॅनीचं नाव दिलं आहे. ब्रॉडवेच्या त्या भागात हा मोठाच मान. तिथल्या मेन्यूकार्डावर खऱ्या आयुष्यात वूडी ॲलन यांच्याही नावाचं सँडविच होतं, कॉर्न्ड बीफ आणि पास्त्रामीचं. डॅनीच्या सँडविचमध्ये काय असणार, यावर टेबलावर अंदाज बांधला जातो: बेगलवर क्रीम चीज आणि वरून टोमॅटोचा मारिनारा सॉस. बेगल आणि क्रीम चीज ज्यूंचं, मारिनारा इटालियन लोकांचं, आणि हे दोन एकत्र कोणी खात नाही. सगळे हसतात. रस्त्यावर ऐकू न आलेल्या बोलण्याचा निकाल त्यांना अशा रीतीने समजलेला आहे.